पाटीचा नारिंगी

गॅसवर दूध, बाथरूममध्ये नवरा आणि टेबलाशी सासूबाई, तिघंही एकदमच उतू जायच्या बेतात होते. दुधाचं कारण उघड होतं. नवऱ्याचा एक मोजा सापडत नव्हता, आणि त्या मोज्याच्या शोधात सासूबाईंचं शब्दकोड्याचं पान कुणीतरी पायाखाली चुरगाळलं होतं. एका हाताने गॅस बारीक करत आणि दुसऱ्याने ते पान सपाट करत ती "पलंगाखाली बघ" असं ओरडणार, तेवढ्यात दाराला धक्का बसला.

बेल चांगली चालू असताना दाराला कोपराने धक्का देणारा माणूस अख्ख्या इमारतीत एकच होता: तळमजल्यावरचे पेंटर. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, हाताला सदा रंग. लोकांच्या बेलवर बोट उमटू नये म्हणून ते दारं कोपराने ठोठावत. पाट्यांचं काम केव्हाच थांबलं होतं, पण कोपराला ते अजून कुणी सांगितलं नव्हतं.

तिने दार उघडलं. पेंटरांच्या सदऱ्याची बटणं वरखाली लागली होती आणि चष्मा कपाळावर चढला होता.

"खोडरबर," ते म्हणाले, "तुझ्या घरात असं एखादं भांडं आहे का, ज्याला जन्मात कधी रंग लागला नाही?"

"काका, लोकांच्या घरात भांड्यांना रंग नसतोच लागत."

"तेच तर. आमच्याकडे एकही उरलं नाही." ते जरा घुटमळले. "आणि थोडा वेळ तुझं नाक हवंय."

"काय, कापून नेणार आहेत?" आतून सासूबाईंनी विचारलं.

मागे दूध उतू गेलं.

*

खोडरबर हे तिचं नाव तिला लहानपणी मिळालं होतं, आणि ते फक्त दोन माणसं वापरत. आता एकच.

ती शाळेत होती तेव्हा कोपऱ्यावर वह्या-पेन्सिलींचं एक दुकान होतं. मालकाची मुलगी गल्ल्यावर बसायची. शाळेतली ही मुलगी दर दोन दिवसांनी खोडरबर मागायला यायची, कारण आधीचं तिने चावून संपवलेलं असायचं. "आली खोडरबर," असं म्हणून गल्ल्यावरची ती ताई न विचारताच बरणीत हात घालायची. हीच ताई पुढे पेंटरांची बायको झाली. आणि योगायोग असा की लग्न होऊन ही मुलगी ज्या इमारतीत आली, तिच्या तळमजल्यावर तीच ताई, आता 'काकू' होऊन, दारात उभी. नव्या नवरीला बघून सगळ्यांसमोर म्हणाली, "अगंबाई, खोडरबर!" सासरच्या माणसांना खुलासा करता करता नवरीच्या नाकी नऊ आले होते.

त्या दुकानाच्या दाराला मोठी काच होती आणि काचेवर दुकानाचं नाव. ते पेंटरांचं पहिलं स्वतंत्र काम. एरवी हा माणूस सकाळी शिडी लावायचा आणि संध्याकाळी उतरवायचा, पण ती पाटी काही केल्या संपेना. आज अक्षराची कड सरळ नाही, उद्या वेलांटी पोट काढतेय. शेवटी मालक वैतागून म्हणाले, "अहो पेंटर, काचेवर लिहिताय की काचेतून बघताय?" तेव्हा कुठे पाटी पुरी झाली, आणि लवकरच लग्नाचं बोलणंही.

अक्षरं नारिंगी होती, काठ काळे. तो नारिंगी पेंटरांनी उरलेल्या डब्यांचे तळ खरवडून केला होता आणि काचेवर पातळ हात मारला होता. सकाळचं ऊन त्या अक्षरांतून आत आलं की गल्ल्यावर नारिंगी तुकडे पडायचे. लहानपणी ती पैसे पुढे करताना मुद्दाम हात त्या तुकड्यात धरायची आणि तळहात नारिंगी झाला की मूठ मिटायची. मूठ उघडल्यावर रंग कुठे जातो, हे तिला त्या वयात मोठंच कोडं होतं.

पुढे दुकानाचे मालक गेले, दुकान पाडलं. पेंटरांनी काच मागून घेतली, स्वतः कापली आणि तिची माशांच्या टाकीला मागची भिंत केली. काकूंना मासे हवे होते. पेंटरांना हवे होते असं नाही, पण काच टाकून द्यायची नाही, एवढ्यावर दोघांचं एकमत होतं. घासून-पुसून आणि ओलीने त्या अक्षरांचा रंग हळूहळू निघून गेला. राहिला फक्त एका अक्षराचा काळा काठ, आत पोकळ.

*

"मादी भरलीय," पेंटर दारातूनच सांगत होते. "पोट चौकोनी झालंय. आज-उद्याकडे सोडेल पिल्लं."

"पण नर तर सगळे गेले ना, काका?"

"गेले. शेवटचा थंडीत गेला. पण ती म्हणायची बघ, गप्पीची मादी नराचं बीज पोटात जपून ठेवते, तो गेल्यावरही कितीतरी महिने पिल्लं देते. मला वाटायचं, काहीतरी थापा मारते."

काकूंना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्याबद्दल पेंटर नेहमी असंच बोलत: ती म्हणायची, आणि मला पटायचं नाही.

भांड्याचा प्रश्न वाटला तितका सोपा निघाला नाही. काकूंच्या हातात अशा वेळी रुंद काचेचं भांडं असायचं, हे तिला आठवत होतं. तिच्या घरी तसं एकच होतं: शोकेसमधलं, सासूबाईंचं, झाकणासकट. खास पाहुण्यांसाठी ठेवलेलं. इतके खास पाहुणे अजून आले नव्हते.

"त्या भांड्यात मी माझ्या सख्ख्या भावालाही काही वाढलं नाही," सासूबाई म्हणाल्या.

"राहू दे, मग मी बाजारातून..." पेंटर वळले.

"थांबा हो. लगेच पाठ काय फिरवता?" सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. खालच्या काकूंशी त्यांचं कधी फार जमलं नव्हतं. दोघी एकमेकींच्या पायपुसण्यांवरूनही भांडत. पण काकू गेल्यापासून सासूबाई जिन्यात कुणाशीच भांडत नव्हत्या, आणि ते काही प्रकृतीला मानवलेलं दिसत नव्हतं. "काढ गं ते भांडं. माझा भाऊ तसाही चहाच्या पुढे काही घेत नाही."

*

पेंटरांच्या घरात पाऊल टाकलं तेव्हा तिला आधी वास आला आणि मग घर दिसलं. टर्पेंटाईन, जवसाचं तेल, जुने ब्रश. काकू होत्या तोवर स्वयंपाकघराचा उंबरा ही सरहद्द होती. आत काकूंचं राज्य, बाहेर पेंटरांचं. एकदा पेंटरांनी चहाच्या गाळण्यातून रंग गाळला, तर काकूंनी ते गाळणं महिनाभर दाराबाहेर टांगून ठेवलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. आता सरहद्द उरली नव्हती. ओट्यावर उजेड चांगला येतो म्हणून तिथेच स्कूटरच्या नंबरपाट्या, उरलेलं तेवढंच किरकोळ काम, वाळत पडल्या होत्या. चमच्यांना निळी टोकं, पातेल्यांना हिरवे काठ. प्रत्येक डब्यावर मात्र रंगाचं नाव ठळक लिहून चिकटवलेलं. पूर्वी पेंटर डब्यांवर नावं लिहीत नसत. झाकण उघडायचीही गरज पडत नसे, सांडलेला ओघळ बघून रंग सांगत.

खिडकीशेजारी टाकी. मागच्या काचेवर तो पोकळ काळा काठ, पुढे मऊ शेवाळाचे पुंजके, आणि त्यांत एकटी फिरणारी राखाडी मादी. गप्पीमध्ये रंगाचा मान नराचा. मादी बिचारी साधीच. पोट खरोखर चौकोनी झालं होतं.

"मागच्या खेपेलाही झाली होती पिल्लं," पेंटर म्हणाले. टाकीकडे न बघता. "मी कुणाला सांगितलं नाही."

"मग?"

"मी म्हटलं, आई खाऊन टाकेल. म्हणून एकेक वेचून वेगळी केली. घरातली सगळ्यात चकचकीत बरणी घेतली. साबणाने धुतली, उन्हात ठेवली, पुन्हा धुतली. वास घेतला. काही वास नाही. दुपारपर्यंत सगळी उताणी." ते थांबले. "ब्रश बुडवायची बरणी होती ती, खोडरबर. माझ्या नाकाला टर्पेंटाईनचा वास येतच नाही. मला ती हवा वाटते."

तिने बाह्या सरसावल्या आणि समोरची बादली नाकाशी धरली.

"ही नाही."

"नवी आहे!"

"नवी असेल. यात तुम्ही ब्रश धुतलेत."

"एकदाच."

"जाळी?"

"जाळी तिची. तिला मी हात लावला नाही."

जाळी खरंच स्वच्छ निघाली. बारीक नळी नाही, वाटी नाही, फडका तर मुळीच नाही. पेंटर प्रत्येक वस्तू पुढे करायचे आणि ती मान हलवायची. तोंडी परीक्षेत एकामागून एक उत्तर चुकावं तसे ते खट्टू होत चालले. शेवटी ती वर गेली आणि बादली, तांब्या, चमचा, मलमलचा धुवट तुकडा असा अर्धा संसार घेऊन खाली निघाली. नवरा एक पाय मोज्यात आणि एक उघडा, असा दारात उभा होता.

"मीच उरलोय. मलाही नेतेस का?"

"तुझा वास पास होणार नाही."

पेंटरांनी तिच्या हातातून बादली घेतली. "ही तपकिरी बादली चांगली जड आहे," ते म्हणाले. बादली लाल होती. तिला वाटलं, त्यांची काहीतरी चेष्टा असेल.

*

खरं म्हणजे हे सगळं तिला कुणी शिकवलं नव्हतं. आपल्या मुलीला शाळेत पोचवलं की ती काही ना काही निमित्ताने खाली यायची. काकूंचा एक हात टाकीत असायचा आणि तोंड चालू. ती भाजी निवडत बसायची. काय काय कानावर पडलं आणि आत राहिलं, ते तिलाही आज पहिल्यांदाच कळत होतं. नळाचं पाणी तसंच ओतायचं नाही, बादलीत रात्रभर बसू द्यायचं, त्यातलं औषध उडून जातं. टाकीतलं पाणी शुद्ध करायच्या यंत्राच्या तोंडाला स्पंज बांधायचा, नाहीतर पिल्लं आत ओढली जातात. शेवाळ दाट हवं, कारण पिल्लाला पहिलं घर तेच. आणि सगळ्यात मोठा नियम, जो काकू सुनेला सांगावा तसा सांगायच्या: "पिल्लांना पकडत बसू नये. आईला उचलावं. ज्याला लपता येतं त्याला लपू द्यावं."

म्हणून शोकेसमधलं भांडं पिल्लांसाठी नव्हतंच. ते आईसाठी होतं. तिने हे पेंटरांना सांगितलं.

"म्हणजे मी नुसतं तिला उचललं असतं, तर..."

"काका, हात पुसा. स्पंज बांधायचाय."

दुपारी, ऊन टाकीवरून सरकून गेलं तेव्हा सुरुवात झाली. मादी कोपऱ्यात थरथरली आणि खाली एक ठिपका पडला. ठिपका कसला, स्वल्पविराम. तळाला लागायच्या आत तो उलगडला, सरळ झाला आणि सुळकन वरच्या शेवाळात घुसला.

"पडला!" पेंटर ओरडले. "कुठे गेला?"

"लपला."

"शहाणा आहे."

मग दुसरा, तिसरा. मधल्या एकाला लपायला उशीर झाला. आई वळली, तोंड उघडलं, संपलं. पेंटरांनी काचेवर हात आपटला. "अगं बये, तुझंच आहे ते!"

"तिला नाही कळत, काका. तिला भूक तेवढी कळते."

पोट रिकामं झालेलं दिसलं तशी तिने जाळी हळूच खाली सरकवली आणि मादीला टाकीच्याच पाण्याने भरलेल्या भांड्यात सोडलं. त्यात शेवाळाचा पुंजका आणि हवेची नळी, ही मात्र नवी आणलेली. कातीव काचेच्या त्या शाही भांड्यात मादी दमलेल्या बाळंतिणीसारखी तळाशी टेकली. संध्याकाळी सासूबाई काठी टेकत बघायला उतरल्या. "एवढंसं ते," त्या म्हणाल्या, "आणि माझं भांडं!" पण बराच वेळ खुर्चीवर बसून राहिल्या.

*

पिल्लांना खायला उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक, मलमलमधून पाण्यात पिळून, तोही टाचणीच्या टोकावर मावेल एवढाच, पण दिवसातून बऱ्याचदा. सासूबाईंना डॉक्टरांनी बलक वर्ज्य केला होता.

"माशांना अंडी आणि मला पथ्य," त्यांनी एकदा सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं सांगितलं.

पेंटरांना एवढ्याशावर काम भागवणं माहीत नव्हतं. हा माणूस घट्ट रंगाचा, भरगच्च अक्षराचा. कुणी 'पुरे' म्हणेपर्यंत ब्रश उचलायचा नाही. दोन-तीन दिवस त्यांनी हात आवरला, आणि मग एका सकाळी दाराला पुन्हा कोपर बसलं.

पाणी दुधाळ झालं होतं. पिल्लं पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडत-मिटत होती.

"किती घातलंत?"

"बारीक दिसत होती गं. मला वाटलं, उपाशी आहेत."

"किती, काका?"

"अर्धा बलक."

तिने कपाळावर हात मारला. मग रात्रभर बसू दिलेलं पाणी आणलं, नव्या बारीक नळीच्या टोकाला मलमल बांधली आणि तळाचा साका ओढून काढला. जेवढं पाणी काढलं तेवढंच नवं, थेंबाथेंबाने सोडलं. एकदम सगळं बदललं तर पिल्लांना सोसत नाही. संध्याकाळी पुन्हा थोडं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. खाणं बंद. पेंटर हात मांडीखाली दाबून टाकीसमोर बसले होते, पोराला परीक्षेत बसवून बाहेर बाकावर बसलेल्या बापासारखे. काही पिल्लं गेली. तिने ती त्यांना न दाखवता काढली. पण शेवाळ हलवलं की आतून अजून ठिपके निघत, आणि पाणी निवळलं तेव्हा ते ठिपके टपोरे दिसू लागले.

त्यानंतर अंडं तिच्याकडे राहिलं आणि पेंटरांकडे फक्त बघणं.

बघता बघता ते बोलत. कुठल्या औषधाच्या दुकानाची पाटी उलटी टांगली गेली आणि मालकाला आठवडाभर कळलं नाही. कुठल्या वकिलाने आपलं नाव मोठं आणि भागीदाराचं बारीक लिहायला सांगितलं, आणि भागीदाराने मागून येऊन गुपचूप उलटं सांगितलं. शिडीवरून सगळा रस्ता दिसायचा, कुठल्याही टोकाला वळलं तरी आपलं अक्षर भेटायचं. मग छापील फलक आले. एका पावसाळ्यानंतर शिडी भिंतीला टेकवली ती तिथेच राहिली. आता त्या रस्त्यावर पेंटरांच्या हाताचं एकही अक्षर नव्हतं. त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. शिडीवरची धूळ झटकत सांगितलं.

"ती म्हणायची, तुमचं एक अक्षर मी टाकीत सांभाळलंय."

काकूंची ती गोष्ट तिला माहीत होती. पहिल्या नरांपैकी एकाची शेपटी नारिंगी निघाली आणि काकू ओरडल्या, "अहो, ही तर आपली पाटी!" पेंटर ब्रश पुसत आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "छे. पिवळा जास्त आहे." झालं. तेव्हापासून काकूंनी चंगच बांधला. प्रत्येक खेपेतला सर्वांत नारिंगी नर ठेवायचा, बाकीचे ओळखीत वाटायचे. दरवेळी पेंटरांना बोलवायचं. पेंटर यायचे, बघायचे, मान हलवायचे. "जवळ आलीस. पण अजून नाही." काचेवरची पाटी पुसट होत गेली, शेवटी तुलना करायला काही उरलंही नाही. तरी यांचं आपलं अजून नाही.

एकदा काकूंनी तिलाच साक्षीला बोलावलं होतं. "तू पाहिलीयस पाटी. सांग या माणसाला. हाच रंग ना?" पेंटर कमरेवर हात ठेवून उभे. भांडणात कशाला पडा म्हणून ती घाईने म्हणाली होती, "हो काकू, अगदी हाच!"

काकूंनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि हसल्या. "गोड बोलतेस. जा, तुझी साक्ष धरत नाही."

*

पिल्लं वाढली. आईच्या तोंडात मावणार नाहीत एवढी झाल्यावर मादी टाकीत परतली. भांडं धुऊन वर नेलं, पण सासूबाईंनी ते शोकेसमध्ये ठेवू दिलं नाही. "लागेल," एवढंच म्हणाल्या.

राखाडी पिल्लांत काही जण बारीक, चपळ दिसू लागले. ते नर. त्यांच्या शेपटीच्या मुळाशी आधी मळकट डाग आला, मग डाग पसरला. पेंटर रोज विचारत, "काय म्हणतेय शेपटी?" ती म्हणायची, "तुम्हीच बघा की." ते वाकायचे, काचेला नाक लावायचे आणि काही न बोलता उठायचे. इतक्या वर्षांत 'अजून नाही' म्हणायची एकही संधी न सोडलेला माणूस गप्प कसा, याचं तिला नवल वाटायचं.

त्या सकाळी दार कोपराने वाजलं नाही. तीच खाली गेली, रिकामं अंड्याचं टरफल हातात घेऊन, पेंटरांच्या खिडकीतल्या कुंडीत टाकायला. ऊन टाकीपर्यंत पोचलं होतं. मागच्या काचेवरच्या पोकळ अक्षरापुढे एक छोटा नर उभ्या उभ्या शेपटी हलवत होता, आणि उन्हाने ती शेपटी आरपार पेटली होती. काळ्या काठाच्या आतली ती पोकळी क्षणभर भरलेली दिसली.

ती तिथेच थबकली. टरफल हातातून कुंडीत पडलं. तिला कळलंही नाही की आपला हात पुढे गेलाय, तळवा वर करून, पैसे द्यायला गल्ल्यावर धरावा तसा.

पेंटर ओट्याशी उभे होते. हातातल्या डब्यावरची चिठ्ठी ते डोळ्यांजवळ नेऊन वाचत होते.

"आला का रंग?" त्यांनी मागे न वळता विचारलं.

"काका, तुम्ही बघत का नाही?"

"बघतो. रोज बघतो." त्यांनी डबा खाली ठेवला. "डोळ्यांचा पडदा झिजलाय म्हणतात. चष्म्याने काही व्हायचं नाही. कडा दिसतात, अक्षर अजून सरळ येतं. पण लाल, तपकिरी, नारिंगी, सगळं मला चहासारखं दिसतं. ती असताना सुरू झालं होतं. शेवटचे दोन-तीन नर मी अंदाजानेच नाकारले."

"काकूंना माहीत होतं?"

"नव्हतं. मी 'जमला' म्हटलं असतं तर ती थांबली असती. आणि थांबली असती तर मला हाक कशाला मारली असती, 'अहो, या, बघा' म्हणून?" ते येऊन तिच्या शेजारी उभे राहिले. टाकीतला नर वळला, पुन्हा त्या अक्षरापुढे आला. पेंटर त्याच्याकडे बघत होते, पण डोळे बारीक करून, वाऱ्यावर आलेला आवाज ऐकावा तसे. "आता ती पाटी पाहिलेलं माणूस माझ्या ओळखीत तू एकटीच उरलीस."

तिने हळूच मूठ मिटली.

"खोडरबर, एकच मागणं आहे," पेंटर म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नकोस. नीट बघ, आणि हा रंग तोच आहे का, तेवढं खरं सांग."